खांबाखालची जागा

तिचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते वाचताना मुकादमसुद्धा क्षणभर अडखळतो. ही कोण बुवा नवीन, असं त्याला वाटतं. पालिकेच्या कचरागाड्या जिथं उभ्या राहतात त्या बाकी सगळ्या आवारासाठी ती फौजदार. हे नाव पडायला एक किराणा दुकानदार कारणीभूत झाला. तो रोज कुजकी फळं, फुटक्या बाटल्या आणि खरकटं एकाच पिशवीत कोंबून तिच्या ढकलगाडीत टाकायचा. तिनं दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. पिशवी उचलली, गिऱ्हाइकांमधून वाट काढत आत गेली आणि ती थेट वजनकाट्यावर ठेवली. म्हणाली, "शेठ, तुमचं काहीतरी बाहेर पडलं होतं." त्या दिवसापासून तो दुकानदार कचरा असा निवडून, वेगळा करून देतो, की बघणाऱ्याला वाटावं विकायलाच काढलाय.

फौजदार दिसायला मात्र फौजदारासारखी अजिबात नाही. ठेंगणी, जरा वाकलेली, चालताना डावा पाय किंचित ओढणारी. जे काही आहे ते आवाजात. आणि त्या आवाजाचं श्रेय नवऱ्याला. तो उमेदीत पत्रे ठोकायच्या कारखान्यात होता. त्यात त्याचा एक कान पार गेला आणि दुसरा अर्धा. लग्नानंतरचे पहिले काही दिवस ती नव्या नवरीला शोभेल असं हळू बोलली असेल, पण त्या बोलण्याचा साक्षीदार कुणी नाही, कारण नवऱ्याला ते ऐकूच गेलं नाही. मग आवाज चढला तो कायमचा. तिच्या घरात "मीठ संपलंय" ही बातमी चार घरांना एकदम कळते.

आई थकल्यावर आईची गाडी तिच्याकडे आली. गाडीबरोबर रस्ताही आला. आधी पेठ, मग शाळेमागचे दोन बोळ, आणि सगळ्यात शेवटी उतार उतरून, नाल्यावरची मोरी ओलांडून खालची आळी. या आळीत जायला कुणी राजी नसायचं. उतरताना गाडी मागून ढकलते आणि चढताना पुढून. फौजदार मात्र वीसेक वर्षं तिथं जात होती. पाऊस असो, ताप असो, सून बाळंत होत असो, खालच्या आळीच्या तोंडाशी तिची घंटा वाजली नाही असं झालं नाही. हे ती स्वतः कुणाला सांगत नसे. सांगायची गरज पडेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

आता त्या जागेबद्दल. आवारात पंपाची एक खोली आहे. तिच्या भिंतीला आवारातला एकुलता एक नळ, आणि भिंतीची सावली अशी पडते की परत आल्यावर गाडी तिथं लावली तर धुताना ऊन लागत नाही. बाकीच्या बाया पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या लावतात आणि बादल्या घेऊन नळापर्यंत येरझारा घालतात. ती नळाची जागा पूर्वी मुकादमाच्या मोटरसायकलची होती. एकदा मुकादम उशिरा आला, तर तिथं फौजदाराची गाडी उभी. तो म्हणाला, गाडी काढा. ती म्हणाली, धुऊन झाली की काढते. या गोष्टीला कैक वर्षं झाली. ती गाडी अजून धुऊन व्हायची आहे.

अशा सगळ्या सुखाच्या संसारात डबी आली.

डबी म्हणजे साबणाच्या डबीएवढीच, पांढुरकी, आत बॅटरी आणि बाहेर मिणमिणता हिरवा दिवा. आधी ती घरोघरच्या पाण्याच्या मीटरांवर बसली. मग पालिकेला वाटलं, एवढा खर्च केलाच आहे तर गाड्यांवरही बसवू. पंपाच्या खोलीच्या गच्चीवर एक उंच लोखंडी खांब उभा राहिला. डबी आपण कुठं आहोत ते ओळखून थोड्या थोड्या वेळानं हाक मारते, खांब ती ऐकतो आणि कचेरीतल्या पडद्यावर ठिपका उमटतो. मोठ्या साहेबांनी आवारात येऊन भाषण केलं. यंत्रणा हुशार आहे, कुणी किती ताकदीनं बोलायचं ते आपलं आपण ठरवते, म्हणून बॅटरी वर्षानुवर्षं टिकते, माणसाचा हातही लागत नाही. बायांनी टाळ्या वाजवल्या. फौजदारानंही वाजवल्या. तिच्या गाडीची जागा बरोबर खांबाखाली आल्यामुळं तिला तर हा आपला मानच वाटला.

पुढच्याच आठवड्यात हजेरीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसलं: खालची आळी, अनुपस्थित. आणि पुढं तिचं खरं नाव. बायांना आधी कळेचना ही कोण. कळल्यावर मात्र सगळ्या फळ्याशी गोळा झाल्या. मग एकीनं हळूच म्हटलं, फौजदारानंच कामचोरी केली तर तक्रार कुणाकडं करायची. हसू फुटलं. फौजदार हसली नाही.

मुकादमानं तिला पडदा दाखवला. पेठेत ठिपके होते. शाळेमागं होते, जरा विरळ. उतार सुरू झाला तिथं संपले. पुढं खालची आळी कोरी करकरीत. रोजचं हेच. गंमत म्हणजे बाकीच्या बायांचे ठिपके शहराच्या टोकापर्यंत धान्य सांडावं तसे पसरलेले. मुकादमाचा सूर मोठा समजूतदार होता. वय झालं की उतार जड जातोच, त्यात लाज कसली. फक्त एका कागदावर लिहून द्यायचं, मी खालच्या आळीत जात नव्हते, यापुढं जाईन. आठवडा संपायच्या आत. नाहीतर गाडी आणि रस्ता दुसरीकडं जाईल आणि बाईंना आवारातच गवत काढायचं हलकं काम मिळेल.

"मी गेले नाही, तर मग तिथला कचरा गेला कुठं?" तिनं विचारलं. "चालत?"

मुकादम म्हणाला, ते पडद्यावर दिसत नाही.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा सून म्हणाली, करून टाका सही. सून झेरॉक्सच्या दुकानात कामाला. दिवसभर लोक तिच्यासमोर न वाचता सह्या करतात, त्यामुळं सही ही तिच्या लेखी शिंक आल्यासारखी गोष्ट. "आई, एक ओळ तर लिहायचीय. गाडी राहील, रस्ता राहील. तुम्ही उगाच ताणताय."

"रस्ता राहील, पण त्यावरून चालणारी चोर असेल."

नवऱ्यानं विचारलं, कोण चोर. दोघींनी मिळून ओरडून सांगितलं. तो म्हणाला, मग सही कशाला करतेस. फौजदारानं सुनेकडं पाहिलं. अर्ध्या कानाच्या माणसाला जे कळलं ते तुला दोन कानांनी कळेना, असं त्या बघण्यात होतं. सुनेनं मुकाट्यानं भांडी आवरायला घेतली.

आता खरं सांगायचं तर फौजदाराचा पहिला संशय चुकीचा होता. तिला वाटलं मुकादमच डबीशी काहीतरी करतो. जागेचा जुना राग, दुसरं काय. तिनं दोन दिवस त्याच्यावर अशी पाळत ठेवली की तो बिचारा लघवीला जायलाही बिचकला. हाती काही लागलं नाही. त्याला डबीतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे दिसल्यावर ती थोडी हिरमुसलीच.

मग तिनं पुरावा आणायचं ठरवलं. खालच्या आळीतला सगळा कचरा एका गोणीत वेगळा भरला आणि ती गोणी मुकादमाच्या टेबलाशेजारी आणून सोडली. एकेक वस्तू काढत ती सांगू लागली, या कंपाउंडरच्या रिकाम्या बाटल्या, हे शिंपिणीचं कातरण, ही त्या शिकवणीवाल्यानं फाडलेली पानं, पोरांची अक्षरं बघा, त्याचा राग बरोबर आहे. शेडमधल्या बाया दारात गोळा झाल्या. मुकादम नाकाला हात लावून म्हणाला, कचरा काय, कुठूनही आणता येतो. ठिपका आणता येत नाही. तिनं गोणी उचलली. बाटल्या, कातरण आणि पोरांची अक्षरं पुन्हा आत गेली. पण सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन बसली. शिपायानं साहेब बैठकीत आहेत सांगितलं. ती म्हणाली, असू देत, माझंही बसूनच चाललंय. तिचं हळू बोलणंही आतपर्यंत पोचत होतं, त्यामुळं बैठक लवकर उरकली. साहेब चांगला माणूस होता, म्हणजे कटकट मिटावी असं मनापासून वाटणारा. त्यांनी यंत्रणा बसवणाऱ्या तंत्रज्ञाला बोलावणं धाडलं.

तंत्रज्ञ आला. चाळिशीचा, सडपातळ, धुळीची ॲलर्जी असलेला माणूस. मोटारीतून उतरतानाच त्यानं नाकाला रुमाल बांधला होता. आवारानं त्याला तिथल्या तिथं रुमालवाला करून टाकलं. त्यानं खांबाखाली उभ्या गाडीची डबी तपासली, मांडीवर लॅपटॉप उघडला, चार शिंका दिल्या आणि निकाल दिला. डबी ठणठणीत. इतका स्वच्छ आवाज तर अख्ख्या गावात दुसऱ्या कुठल्या डबीचा येत नाही.

म्हणजे झालं उलटंच. मुकादमानं कागद पुढं सरकवला.

रुमालवाला निघाला, तर त्याच्या मोटारीपुढं ढकलगाडी आडवी. फौजदार दांडा धरून उभी.

"डबी इथं बोलते हे मलाही माहितेय," ती म्हणाली. "इथं तर सगळेच बोलतात. खालच्या आळीत चला."

त्यानं मागं पाहिलं. मागं भिंत होती. पुढं पाहिलं, तर पुढं ती. माणूस हिशेबी होता, चालत जाणं स्वस्त पडेल हे त्याला कळलं.

तर असे ते दोघं निघाले. ती घंटा वाजवत, तो शिंका देत. पेठेत लोक दारात येऊन बघायला लागले, की आज फौजदारानं कुणाला पकडून आणलंय. तो फोनच्या पडद्यावर डबीच्या हाका बघत होता. पेठेत येत होत्या. शाळेमागं एक आली, दोन गळाल्या. उतारावर गाडी मागून ढकलायला लागली तेव्हा त्यानं नकळत दांड्याला हात लावला आणि ती न बघता म्हणाली, "धरा, धरा. याला अनुपस्थित म्हणतात." मोरी ओलांडली. पडदा गप्प झाला.

पण डबीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. डबी बोलत होती. ऐकणारं कुणी नव्हतं.

रुमालवाला तिथंच एका पायरीवर बसला. ती घरोघर कचरा घेत होती आणि तो डोळे मिटून काहीतरी जुळवत होता. तिनं आळी संपवली तरी तो तिथंच. शेवटी त्यानं विचारलं, "मावशी, ही गाडी रात्रभर कुठं असते?"

"माझ्या जागेवर. खांबाखाली."

त्यानं रुमाल खाली ओढून कपाळाला हात लावला. परत चढताना त्यानं तिला सगळं सांगितलं, धापा टाकत, तुकड्या तुकड्यानं. कचेरीतलं यंत्र प्रत्येक डबीचा आवाज कसा येतो ते ऐकत राहतं. फार खणखणीत आला तर डबीला हुकूम सोडतं, बाई गं, एवढं ओरडू नकोस, हळू आवाजात आणि भरभर बोल, बॅटरी वाचेल. बारीक आला तर तिला सावकाश, जोरात बोलू देतं, कारण सावकाश बोललेलं लांबून कळतं. भिंतीवरच्या मीटरला हे छान. तो कुठं जात नाही. पण हिची डबी रात्रभर खांबाच्या अगदी पायाशी. पहाटेपर्यंत यंत्रानं तिला पार कुजबुजायला शिकवलेलं असतं. सकाळी ती कुजबुजत कुजबुजत खालच्या आळीत जाते. बराच वेळ खांबाचं उत्तर आलं नाही की डबीला शंका येते, मग ती आवाज एक पायरी चढवते, पुन्हा वाट बघते, आणखी एक चढवते. तोवर गाडी वळून आवाराकडं निघालेली असते. आणि बाकीच्या बायांच्या गाड्या पत्र्याखाली उभ्या राहतात, पत्र्यामुळं त्यांचा आवाज आवारातही बारीकच येतो, म्हणून त्यांना कुणी कुजबुजायला सांगितलंच नाही.

फौजदार चढावर थांबली. "म्हणजे नवऱ्याच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन ठरवायचं किती मोठ्यानं बोलायचं, आणि तो परसात गेल्यावरही तेवढंच बोलायचं."

रुमालवाल्याला तिचा नवरा माहीत नव्हता, पण तो हो म्हणाला.

"हे कुणी ठरवलं?"

मीटरचा नियम गाड्यांना तसाच लावला गेला, आणि तो लावणारा मीच, असं त्यानं सांगितलं. वर चार शिंका दिल्या. तिला त्याचा राग आला नाही. चूक कबूल करणारा माणूस तिला आठवडाभरात पहिल्यांदाच भेटत होता.

आवारात पोचल्यावर त्यानं उपायही सांगून टाकला, आणि तिथंच घोटाळा झाला. उपाय अगदी सोपा होता. गाडी खांबाखाली लावू नका. पत्र्याच्या शेडमध्ये लावा, बाकीच्यांसारखी. डबी आपोआप जोरात बोलेल. पैसा नाही, वेळ नाही, कुठं काही बदलायलाही नको.

मुकादमाचा चेहरा उजळला. त्याची मोटरसायकल उन्हात उभी होती. तो म्हणाला, सुटलं म्हणायचं. चला बाई, लावा पलीकडं, मीही कागद फाडतो.

शेडमधल्या बायांनाही वाटलं, सुटलं. एकीनं तर आपली गाडी सरकवून जागाही केली. फौजदारानं नळ सोडला आणि गाडी धुवायला घेतली. सगळे बघत राहिले. चाकं धुतली, कडा धुतल्या, दांडा पुसला. मग म्हणाली, "नाही."

प्रकरण पुन्हा साहेबांच्या खोलीत गेलं. साहेबांना कळेना, एवढा सरळ मार्ग असताना ही बाई आडवी का येते. त्यांनी प्रेमानं समजावलं. एक गाडी दहा पावलं पलीकडं, बस. दुसरा मार्ग म्हणजे गाड्यांच्या डब्यांचा तो हुशारपणा बंद करायचा आणि त्यांना कायम सावकाश, जोरातच बोलायला लावायचं. पण मग बॅटरी वर्षानुवर्षं कशी टिकणार? भाषणात सांगितलंय. रुमालवाल्यानं आणखी एक अडचण काढली, खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नसावं. सगळ्याच डब्या सावकाश बोलायला लागल्या तर हवा अडून राहील, एकीचं बोलणं संपायच्या आत दुसरीचं सुरू होईल, कुणाचंच कळणार नाही.

"सकाळी शेडमध्ये होतं तसं," मुकादम म्हणाला.

फौजदार उभीच होती. बसा म्हटलं तरी बसली नव्हती. "साहेब, डबी माझ्यामागं फिरायला लावलीय, की मी डबीमागं?" ती म्हणाली. "वीस वर्षं मी गेले. तिनं सांगितलं, गेली नाही. तुम्ही तिचं ऐकलंत. आता कळलं की ती कुजबुजत होती. तर शिक्षा कुणाला, मला. जागा सोडायची मी. उद्या तिला माझा रस्ता पटला नाही तर रस्ता सोडायचा मी. परवा खालची आळीच तिला ऐकू येत नाही म्हणून तिथला कचरा तिथंच." ती हळू बोलायचा प्रयत्न करत होती, म्हणजे शिपाई दारापर्यंतच आला, आत आला नाही. "आजारी पडले, दुसरी बाई आली आणि तिनं गाडी खांबाखाली लावली, तर ती चोर. दांडा कुठं टेकवायचा हे डबीला विचारून टेकवायचं असेल तर दांडाही तिच्याच हातात द्या."

शेवटी रुमालवाला म्हणाला की तसं बघितलं तर मीटर हजारोंनी आहेत आणि गाड्या मोजक्याच. मीटरांनी आपल्या नियमानं कुजबुजावं. गाड्या तेवढ्या जोरात बोलल्या तर हवेला काही होणार नाही. चालत्या वस्तूला हा नियम मुळातच लावायचा नसतो. बॅटरी लवकर संपेल, ती मी बदलेन. इतकं बोलून तो एकदम गप्प झाला, कारण बदलायची म्हणजे पुन्हा पुन्हा या आवारात यायचं, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

साहेबांना कटकट मिटायला हवी होती. त्यांनी मान हलवली.

त्याच संध्याकाळी गाड्यांचा हुशारपणा बंद झाला. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीत ठिपके पडले, मोरीपासून शेवटच्या घरापर्यंत. मुकादमानं ते पाहिलं आणि गाजावाजा न करता फळा पुसून टाकला. फौजदार परतली, फळ्यासमोर उभी राहिली.

"पुसलंत?"

"झालं ना आता. मिटलं."

"पुसलं म्हणजे नव्हतंच असं होतं. होतं. सगळ्यांनी वाचलंय." तिनं खडू उचलून त्याच्या हातात दिला. "लिहा. रोज येत होत्या."

मुकादम म्हणाला, असं फळ्यावर लिहायची पद्धत नाही. ती म्हणाली, अनुपस्थित लिहायची आहे ना, मग हीही पाडा. बाया शेडमधून पुढं सरकल्या होत्या. त्यानं कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं. तिनं ओल्या हातानं ते पुसलं आणि फळ्याच्या मधोमध बोट ठेवलं, आधी जिथं जेवढं होतं तिथं तेवढं. त्यानं पुन्हा लिहिलं. खालची आळी, रोज येत होत्या. पुढं तिचं खरं नाव, आणि ते लिहिताना तो पुन्हा अडखळला. ज्या बाईनं चोरीचा विनोद केला होता तिनंच ते मोठ्यानं वाचलं, दोनदा. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती.

त्या कागदाचं पुढं काय झालं कुणाला माहीत नाही. त्यावर सही मात्र झाली नाही.

आता बॅटऱ्या खरंच लवकर संपतात. रुमालवाला येतो, खांबाखाली उकिडवा बसतो, शिंकत शिंकत डबी उघडतो आणि फौजदार त्याला नळाखाली हात धुवायला लावल्याशिवाय जाऊ देत नाही. परवा त्यानं भीत भीत सुचवलं की तरीही गाडी जरा चार हात बाजूला लावली तर बॅटरी थोडी जास्त टिकेल का ते बघता येईल. तिनं नुसतं पाहिलं. त्यानं झाकण लावलं.

मुकादमाची मोटरसायकल अजून उन्हातच असते. दुपारी निघताना तो बसायच्या जागेवर फडकं टाकतो, तरी चटका बसतोच. जाता जाता तो नळाकडं बघून रोजचं विचारतो, झाली का गाडी धुऊन?

"होतेय," फौजदार म्हणते, आणि नळ आणखी थोडा सोडते.